पेनड्राइव्हवर नुसते बाण : हळदीच्या एका अडतीवरच्या संगणकाचं प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची एक मध्यम अडत. २०२५चा एप्रिल, ऐन हंगाम. सकाळी सौदे, दुपारी वजनं, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब. दुकानात संगणक एकच आणि त्यावर बसणारा माणूसही एकच, दिवाणजी. साठीला टेकलेले, खतावणी तोंडपाठ. मालकांना सगळा यार्ड अण्णा म्हणतो. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आणि रविवारी रात्री तिथूनच दुकानाचे हिशेब तपासतो.

तक्रारी तीन होत्या. संगणक फार हळू चालतो, फायली जातात, आणि बेरीज चुकते. दुरुस्तीवाला पोरगा आदल्या दिवशी बघून गेला होता आणि त्याचा इलाज ठरला होता : फॉरमॅट मारायचा. "सी ड्राइव्ह साफ करतो, डीला हात लावत नाही, तुमचा डेटा सेफ." अण्णांना ते काही पटेना. यार्डाशेजारी संगणकाचे वर्ग घेतो म्हणून त्यांनी मला निरोप धाडला, "जरा येऊन बघून जावा की."

दिवाणजी काही नवखे नव्हते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. त्यांना टायपिंग येत होतं, प्रिंट काढता येत होती, एक्सेलमध्ये बेरजेचं सूत्र घालता येत होतं. पण आपण केलेलं काम या डब्यात नेमकं कुठं जाऊन बसतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या वर्गांमध्येही पहिले दिवस माउस, कीबोर्ड आणि मॉनिटरची नावं पाठ करण्यात जातात. हा प्रश्न तिथंही मागेच राहतो.

फॉरमॅट का थांबवला

दिवाणजींना पहिलं विचारलं, फायली कुठं ठेवता? त्यांनी पडद्याकडं हात केला, "ह्या काय, समोरच हायेत." पडद्यावर चित्रांची इतकी दाटी होती, की मागचा सांगलीचा गणपती कुठून कुठून तेवढा दिसत होता.

संगणक उघडल्यावर पहिला तोच पडदा दिसतो, त्यामुळे डेस्कटॉप म्हणजे सगळ्यात वरची, ड्राइव्हच्या बाहेरची जागा असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तो सी ड्राइव्हच्या पोटातला एक साधा फोल्डर आहे. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात आपल्या नावाचा फोल्डर आणि त्यात डेस्कटॉप. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे त्याचे सख्खे शेजारी. कुणी मुद्दाम हलवले नसतील, तर विंडोज हे तिन्ही सी ड्राइव्हवरच ठेवतं. डी ड्राइव्ह उघडून बघितला. तिथं मुलाचे कॉलेजातले प्रोजेक्ट आणि घरातल्या एका लग्नाचे फोटो. म्हणजे ठरल्याप्रमाणे फॉरमॅट झाला असता तर लग्न वाचलं असतं आणि दुकान गेलं असतं.

टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याचं प्रकरण आणखी वेगळं. टॅलीचे हिशेब एक्सेलसारखे एका फाईलमध्ये नसतात. प्रत्येक कंपनीसाठी नुसत्या आकड्यांच्या नावाचा एक फोल्डर असतो आणि त्यात कितीतरी बारक्या फायली. हा फोल्डर या संगणकावर सी ड्राइव्हमध्येच होता. ‘तुमच्या वर्ड-एक्सेलच्या फायली काढून ठेवतो’ म्हणणारा माणूस तो फोल्डर विसरून जाण्याची शक्यता चांगलीच असते, कारण नावावरून तो कामाचा वाटतच नाही.

त्या पोराला दोष द्यावासा वाटत नाही. त्याच्याकडं येणाऱ्या दहांतल्या नऊ संगणकांना फॉरमॅट हाच इलाज लागू पडत असेल. पण ‘डेटा कुठं आहे’ हे न विचारता ‘डेटा सेफ’ म्हणणं मात्र चूकच. शिवाय सी आणि डी हे इथं एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे होते. फॉरमॅट एका कप्प्याचा होतो हे खरं, पण डिस्कच बिघडली तर दोन्ही कप्पे एकदम जातात. ‘बॅकअप डीला टाकलाय’ हे वाक्य मी अनेक दुकानांत ऐकतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

पेनड्राइव्ह

दिवाणजी मात्र निवांत होते. "सर, माझ्याकडं बॅकअप हाय," म्हणाले आणि टेबलाच्या खणातून किल्लीच्या जुडग्याला अडकवलेला पेनड्राइव्ह काढला. दर शनिवारी दुकान बंद करण्याआधी ते हंगामाच्या फायली पेनड्राइव्हवर घेत. दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता. खातरजमा म्हणून ते कॉपी झाल्यावर पेनड्राइव्हवरची एखादी फाईल उघडूनही बघत, आणि ती उघडायची.

मी तो माझ्या लॅपटॉपला लावला. हंगामाची एकही फाईल उघडेना.

चित्रं नीट बघितली. प्रत्येकाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा बाण. एकावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं, तर आकार जेमतेम २ केबी. हंगामभराच्या पट्ट्यांची फाईल एवढी कशी असेल? ती फाईल नव्हतीच, तो शॉर्टकट होता. मुलानं मागं कधीतरी खऱ्या फायली डॉक्युमेंट्समधल्या एका फोल्डरात नीट लावल्या होत्या, आणि दिवाणजींना सापडाव्यात म्हणून डेस्कटॉपवर त्यांचे शॉर्टकट करून ठेवले होते. शॉर्टकटमध्ये हिशेब नसतो. ‘अमुक फाईल अमुक ठिकाणी आहे’ एवढा पत्ता त्यात असतो. दिवाणजी दर शनिवारी पत्ते गोळा करत होते. पेनड्राइव्ह दुकानातल्याच संगणकाला लावलेला असताना पत्ता बरोबर ठरायचा आणि तिथली मूळ फाईल उघडायची. म्हणून दोन वर्षं शंका आली नाही. दुसऱ्या संगणकावर त्या पत्त्यावर काहीच नव्हतं.

दिवाणजी बराच वेळ काही बोलले नाहीत. अण्णा म्हणाले, "म्हंजे दोन हजार एकोणीसचंच पुन्हा झालं असतं." अडतीची जुनी पेढी तेव्हा सांगलीच्या गणपती पेठेत होती. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पेढीत पाणी शिरलं. संगणक टेबलाखाली आणि त्याची बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, दोन्ही बुडाली. माळ्यावर टाकलेल्या जुन्या वह्या तेवढ्या वाचल्या. तेव्हापासून दिवाणजी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, हातानं लिहायचं सोडत नाहीत. मुलगा याला हट्ट म्हणतो. या प्रकरणात तोच हट्ट पुढं कामाला आला.

हळू का चालतो

संगणक २०१६च्या सुमाराचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० वर चिकटलेली. उघडं काय काय होतं? क्रोमच्या पंधरा-वीस टॅब, व्हॉट्सॲप, टॅली, एक्सेल, आणि संगणक चालू झाला की न विचारता स्वतः सुरू होणारी पाच-सहा सॉफ्टवेअर.

रॅम आणि हार्ड डिस्क यांतला फरक सांगायला सुरुवात केली आणि दिवाणजींनी मध्येच थांबवलं. "म्हंजे एक हरिपूरचं पेव आणि एक सौद्याची जागा, असंच न्हवं?" यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहते, ती डिस्क. सौद्याच्या वेळी समोर पसरायला जी जागा लागते ती रॅम. ती लहान असली की एक माल उचलल्याशिवाय दुसरा मांडता येत नाही. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. डिस्क फिरती असल्यानं या ये-जा करण्यातच वेळ जातो, आणि बसणारा माणूस म्हणतो, ‘कम्प्युटर हँग झाला’.

सौद्याची जागा रोज रिकामी होते. वीज गेली की रॅमही रिकामी होते. त्या एप्रिलात एका दुपारी वळीव आला, लाइट गेली आणि सकाळपासून भरलेल्या पट्ट्या गेल्या. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. दिवाणजी संध्याकाळी एकदाच सेव्ह करत. एक्सेल मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी ऑटोरिकव्हरची प्रत ठेवतं, पण नंतर संगणक चालू झाल्यावर बाजूला आलेली ती यादी त्यांनी जाहिरात समजून बंद केली. फाईल गेल्याच्या तक्रारीतली एक फाईल अशी गेली होती. बाकीच्या मात्र गेल्याच नव्हत्या.

गेलेल्या फायली

‘एक्सेलमध्ये ठेवलंय’ असं दिवाणजी सतत म्हणत. पुण्याला मुलाकडं गेले तेव्हा त्यांनी त्याच्या लॅपटॉपवर एक्सेल उघडलं आणि आपल्या पट्ट्या शोधल्या. दिसेनात, तेव्हा त्यांना वाटलं, मुलाचं एक्सेल वेगळं आहे. सॉफ्टवेअर हे काम करायचं अवजार, फाईल हे केलेलं काम. अवजार दोन्हीकडं एकच असलं तरी काम ज्या डिस्कवर ठेवलं तिथंच राहतं. वर्गात हे मी एका वाक्यात उरकून टाकायचो. आता त्याला पूर्ण तास देतो.

त्यात व्हॉट्सॲपची भर. मुलगा रविवारी फाईल तपासून, दुरुस्त करून व्हॉट्सॲपवर परत पाठवायचा. दिवाणजी सोमवारी ती तिथूनच उघडायचे, त्यात दिवसभर काम करायचे, सेव्ह करायचे. ही प्रत जायची डाउनलोड्समध्ये. मंगळवारी ते डेस्कटॉपवरच्या नेहमीच्या चित्रावर क्लिक करायचे, म्हणजे शनिवारची जुनी फाईल उघडायची, आणि सोमवारचं काम ‘गेलेलं’ असायचं. मग ते पुन्हा भरायचं. डाउनलोड्स उघडून बघितलं तर एकाच नावाच्या फायलींची रांग, पुढं कंसात एक, दोन, तीन. एकाच नावाची फाईल पुन्हा उतरवली की ब्राउझर जुनीला धक्का न लावता नव्या नावापुढं आकडा जोडतो. यादी ‘डेट मॉडिफाइड’प्रमाणे लावल्यावर प्रत्येक सोमवार सापडला.

आणखी एक गंमत. काही दिवसांच्या फायली वेगळ्याच होत्या, रोजची एक. विचारलं तर दिवाणजी म्हणाले, "पान भरलं की नवीन घेतो." पडद्यावर दिसणाऱ्या शेवटच्या ओळीला ते पानाचा शेवट समजत होते. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात हे सांगितल्यावर ते हसले. "एवढी हळद अख्ख्या यार्डात येत नाही."

बेरीज

ही तक्रार मला सगळ्यात आवडली, कारण इथं संगणक खोटं बोलत नव्हता आणि दिवाणजीही नाही. एका दिवसाचं एकूण वजन रोजकीर्दीत ३१८.६० क्विंटल, एक्सेलमध्ये २९१.२० क्विंटल. फरक २७.४०. रकान्यावरून नजर फिरवली. सगळे आकडे उजवीकडं टेकलेले, दोनच डावीकडं : ‘१२.४० क्विं.’ आणि ‘१५ क्विंटल’. दोन्ही मिळून २७.४०.

चौकटीत आकड्याबरोबर अक्षर आलं की एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही, तेही गुपचूप, चूक न दाखवता. मजकूर डावीकडं, आकडा उजवीकडं. ही मांडणी आपण बदलली नसेल तर नुसत्या नजरेनं चूक सापडते. ‘क्विं.’ दिसायलाच हवं असेल तर ते टाइप न करता फॉरमॅट सेल्समधून कस्टम फॉरमॅटला जोडावं. तिथं ०.०० लिहून पुढं दुहेरी अवतरणचिन्हांत ‘क्विं.’ घातलं की दिसतं ते आणि बेरीजही होते.

तारखांचा घोळ याहून मोठा निघाला. दिवाणजींनी तारखेनं क्रम लावला की एप्रिलचे सौदे सालभर पसरायचे. तिसरा एप्रिल मार्चच्या चौथ्या तारखेला जाऊन बसलेला, बारावा एप्रिल थेट डिसेंबरात. तेरा तारखेपासून पुढचे सगळे डावीकडं टेकलेले. सेटिंगमध्ये जाऊन रीजन बघितलं, तर अमेरिका. तिकडं आधी महिना लिहितात, मग दिवस. त्यामुळे दिवाणजींनी लिहिलेल्या ०३/०४चा संगणकानं ‘मार्चची ४ तारीख’ असा अर्थ लावला. १३/०४ आलं तेव्हा तेरावा महिना नसतोच, म्हणून ते नुसता मजकूर म्हणून ठेवून दिलं. अख्ख्या पंधरवड्यात ४ एप्रिल हा एकच दिवस बरोबर होता, कारण तो उलटला तरी तोच.

रीजन बदलून ‘इंग्लिश (इंडिया)’ केलं. पण त्यानं पुढच्या नोंदी सुधारतात, आधीच्या नाही. एकदा चुकीची तारीख म्हणून साठवलेली नोंद तशीच राहते. मग दिवाणजी रोजकीर्द उघडून बसले, मी चौकटी दुरुस्त करत गेलो. हातानं लिहिलेली वही नसती तर कुठला सौदा कुठल्या दिवशीचा हे ठरवायला आमच्याकडं काहीच नव्हतं. मुलाला फोनवर हे मी मुद्दाम सांगितलं.

काय केलं

पहिलं काम नकला काढण्याचं. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर आख्खे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले, टॅलीचा बॅकअप टॅलीच्या आतून घेतला आणि त्याचा आकड्यांचा फोल्डरही वेगळा उचलला. दुकानाच्या जुन्या पत्रांसाठी लागणारा मराठी फॉन्टही शोधून ठेवला. हे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षरं कुठल्याही संगणकावर तशीच दिसतात त्या पद्धतीच्या, आधीचे. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की पत्र जसंच्या तसं असूनही पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती डिस्क माझ्या लॅपटॉपला लावून फायली उघडून बघितल्या आणि मगच दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. त्यानं फिरती डिस्क काढून एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, रॅम ८ जीबी केली आणि विंडोज नव्यानं टाकलं. काम त्यानं चोख केलं.

अण्णांचा कल नवा संगणक घेण्याकडं होता. हंगामात नको, असं मी म्हणालो. नवा डबा आला असता तरी शॉर्टकट, तारखा आणि डाउनलोड्स यांचा घोळ त्याच्याबरोबर नव्यात गेला असता. पण तो विषय टळणारा नव्हता. विंडोज १०ची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार हे मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं होतं, आणि एवढ्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. टॅली, जीएसटी आणि बँकेचं काम ज्यावर चालतं तो संगणक त्यानंतर तसाच ओढणं मला पटत नाही. म्हणून ठरलं, हंगाम एसएसडीवर काढायचा आणि दिवाळीच्या पाडव्याला नवा घ्यायचा. एसएसडी वाया जात नाही, बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते.

बॅकअपची पद्धत साधी ठेवली. हंगामाचा एकच फोल्डर, एकाच नावाचा. शनिवारी तो आख्खा बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर. दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर. १५ जीबी फुकट मिळतात, पट्ट्यांना ते उदंड. महिन्यातून एकदा अण्णांनी घरच्या लॅपटॉपवर त्यातली एखादी फाईल उघडून बघायची. दुकानातल्या संगणकावर बघायची नाही.

काय उरलं

यूपीएसची बॅटरी बदलली, आणि दिवाणजींच्या डाव्या हाताला आता कंट्रोल-एसची सवय लागली आहे, एकेक पट्टी झाली की. जुनी पत्रं युनिकोडमध्ये आणायचं काम तसंच पडून आहे. ती लागतात कधीतरी आणि आणणार कोण, हा प्रश्न आहे. क्रोमच्या टॅब पुन्हा वीसवर गेल्यात, पण ८ जीबीत ते खपून जातं. रोजकीर्द हातानंच चालू आहे आणि ती बंद करा असं आता मुलगाही म्हणत नाही.

मुलानं व्हॉट्सॲपवर फायली पाठवणं काही पूर्ण सोडलेलं नाही. दिवाणजी त्या उघडत नाहीत. सोमवारी सकाळी सौदे सुरू व्हायच्या आत त्याला फोन लावतात आणि सांगतात, "ड्राइव्हवर टाक रे बाबा, मग बघतो."